जुन्या गाडीतील तापमानाचा काटा: दोष इंजिनात, वायरमध्ये, सेन्सरमध्ये की मीटरमध्ये?

डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा एकाएकी वर चढला, जागचा हलेनासा झाला किंवा थरथरू लागला, की काही गाडीमालक घाबरून गाडी बाजूला घेतात, तर काही जण ‘मीटरच खराब आहे’ असे ठरवून त्याकडे पाहणे सोडून देतात. दुसरी सवय फार महागात पडते. जुन्या लहान गाड्यांच्या इंजिनाचे हेड (इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग) बहुधा ॲल्युमिनियमचे असते, आणि पाणी कमी झालेले इंजिन थोडा वेळ जरी तसेच पळवले, तरी हेड वाकते, हेड गॅस्केट (हेडखालची सांधा बंद ठेवणारी चकती) जाते आणि काही शे रुपयांच्या कामाचे रूपांतर इंजिन खोलण्यात होते. म्हणून पुढील तपासणीचा क्रम ठरलेला आहे: आधी इंजिन, मग वायर आणि अर्थिंग (प्रवाह बॅटरीकडे परतण्याची वाट), त्यानंतर सेन्सर आणि सर्वांत शेवटी मीटर. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी नवा सेन्सर बसवला जातो, कारण तो स्वस्त असतो आणि पटकन निघतो. मात्र दोष दुसरीकडे असेल तर नवा सेन्सरही जुन्याइतकेच चुकीचे आकडे दाखवतो.

उदाहरणासाठी येथे कार्बोरेटरवर चालणारी मारुती ८०० घेतली आहे. १९८३च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली ही ७९६ सीसीची गाडी आजही अनेक घरांत चालू अवस्थेत आहे आणि तिची तापमान दाखवण्याची यंत्रणा अगदी सरळ आहे. पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा त्या काळातील इतर कोणत्याही गाडीत सेन्सरला एकच वायर असेल, तर हीच पद्धत थोड्याफार फरकाने लागू पडते. इंजेक्शन असलेल्या पुढच्या गाड्यांत संगणकाला माहिती देणारा दोन वायरींचा वेगळा सेन्सर असतो. त्याच्या वायरींवर पुढील प्रयोग करू नयेत.

यंत्रणा कशी चालते

इग्निशन चालू केल्यावर बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून मीटरकडे जातो, मीटरमधून एका वायरने इंजिनावरील सेन्सरपर्यंत येतो आणि सेन्सरच्या पितळी अंगातून इंजिनाच्या धातूत, तेथून अर्थिंगच्या पट्टीने बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. सेन्सरच्या टोकात एक लहानशी गोळी असते, जिचा विद्युतरोध तापमान वाढले की कमी होतो. पाणी थंड असताना रोध जास्त, म्हणून प्रवाह कमी आणि काटा ‘सी’कडे, पाणी तापले की रोध कमी, प्रवाह जास्त आणि काटा ‘एच’कडे. याचाच अर्थ वायर तुटली तर काटा तळाशी राहतो आणि वायर कुठे बॉडीला टेकली तर तो थेट वर जातो. ही एक गोष्ट पक्की लक्षात राहिली, तर निम्मे निदान गाडीत बसल्या बसल्या करता येते.

मीटरचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात दोन धातूंच्या चिकटवलेल्या पट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. प्रवाहाने तार तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. असा काटा इग्निशन चालू करताच उसळत नाही, सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. दुसऱ्या प्रकारात चुंबकीय कॉइल असतात आणि काटा झटकन जागेवर येतो. आपल्या गाडीचा काटा कसा हलतो, हे आधीच पाहून ठेवलेले असले की चाचणीच्या वेळी घाईने चुकीचा निष्कर्ष निघत नाही.

पहिली पायरी: इंजिन खरोखर किती तापते आहे?

इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी. केवळ बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीतील पातळीवर विसंबू नये, कारण झाकणाचे रबर कडक झाले असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असेही घडते. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतील पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि दाब सुटताच ते वाफेसह थेट चेहऱ्यावर उडते.

पाणी कमी असेल तर येथे एक फसवी गोष्ट घडते. सेन्सर पाण्यात बुडालेला असला, तरच खरे तापमान सांगतो. पातळी खाली जाऊन तो हवेच्या पोकळीत आला, की प्रत्यक्षात इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली येतो. चढावर वर जात असलेला काटा कोणतेही कारण नसताना अचानक खाली आला, तर सुटकेचा निःश्वास टाकण्याऐवजी गाडी थांबवावी. खंबाटकी किंवा कसारा घाटात या चिन्हाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे हेडचे काम ओढवून घेणे होय.

पातळी ठीक असेल तर एसी बंद ठेवून इंजिन सुरू करावे आणि रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला अधूनमधून हात लावून पाहावा. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) शाबूत असेल, तर ती नळी बराच वेळ कोमटच राहते आणि थर्मोस्टॅट उघडताच, म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास, एकाएकी चटका बसेल इतकी तापते. त्यानंतर काही वेळाने रेडिएटरचा विजेवरचा पंखा आपोआप सुरू होऊन पुन्हा बंद झाला पाहिजे. या दोन घटना म्हणजे काट्यापेक्षा वेगळे, स्वतंत्र साक्षीदार आहेत. नळी तापली, पंखाही एकदा फिरून थांबला आणि काटा मात्र तळाशीच आहे, तर दोष तापमान दाखवणाऱ्या यंत्रणेत आहे. पंखा सुरू झालाच नाही, काटा वर गेला आणि बाटलीत बुडबुडे येऊ लागले, तर काटा खरे बोलतो आहे. अशा वेळी हा लेख बाजूला ठेवून पंखा, वॉटर पंप आणि रेडिएटर तपासावेत.

इन्फ्रारेड तापमापक हाताशी असेल तर काम अधिक नेमके होते. मात्र तो चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच कमी येतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून त्यावर, किंवा नळीच्या काळ्या रबरावर मोजणी करावी.

आता आपल्याकडच्या एका जुन्या प्रथेबद्दल. उन्हाळ्यात गाडी तापते अशी तक्रार आली, की कित्येक मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि पंख्याची वायर थेट इग्निशनला जोडतात. यालाच ‘फॅन डायरेक्ट केला’ असे म्हणतात. जुनी गाडी दोन-तीन हातांतून फिरलेली असेल, तर हे केव्हा आणि कोणी केले याचा पत्ताही नव्या मालकाला नसतो. अशा गाडीत पाणी पहिल्या मिनिटापासून पूर्ण रेडिएटरमधून फिरते, पंखा सतत वारा घालतो आणि काटा डिसेंबरच्या सकाळी ‘सी’वरून हलतच नाही. मीटर, वायर, सेन्सर सगळे निर्दोष असते. म्हणून काटा नेहमीच फार खाली राहत असेल, तर पुढे जाण्यापूर्वी थर्मोस्टॅटचे घर उघडून आत थर्मोस्टॅट आहे की नाही हे पाहावे. नसेल तर योग्य अंशाचा नवा थर्मोस्टॅट बसवावा. तो नसताना इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोचते, पेट्रोल जास्त खाते आणि झिजही वाढते. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही’ हे म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

दुसरी पायरी: लक्षण वाचणे

इंजिन थंड असताना इग्निशन चालू करावे, परंतु इंजिन सुरू करू नये. काटा त्याच क्षणी किंवा काही सेकंदांत ‘एच’कडे गेला, तर सेन्सरची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा सेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. सेन्सरवरची वायर काढावी: काटा खाली आला तर सेन्सर दोषी, वरच राहिला तर वायर किंवा मीटर.

इंजिन तापूनही काटा हलत नसेल, तर शेजारच्या पेट्रोलच्या काट्याकडे पाहावे. तोही मेलेला असेल, तर फ्यूज आणि मीटरकडे येणारा पुरवठा तपासावा. पेट्रोलचा काटा नीट चालत असेल, तर दोष तापमानाच्या स्वतंत्र वाटेवर आहे. दोन्ही काटे एकाच वेळी आणि एकाच दिशेने चुकत असतील, तर कारण सामायिक आहे. त्याचा विचार पुढे केला आहे. हेडलाइट किंवा इंडिकेटर लावताच काटा हलत असेल, तर अर्थिंग खराब आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. खड्ड्यात गाडी आदळली की काटा उडत असेल, तर कुठलातरी कपलर (वायरींचा जोड) सैल झाला आहे.

गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा इग्निशन चालू केल्यावर काटा आधीपेक्षा थोडा वर दिसला, तर ते दोषाचे लक्षण नव्हे. पाणी फिरायचे थांबलेले असते आणि तापलेल्या धातूची उष्णता सेन्सरभोवतीच्या पाण्यात उतरत असते.

तिसरी पायरी: वायर बॉडीला टेकवून पाहणे

ही चाचणी सर्वांत उपयोगाची आहे. इंजिनाच्या वरच्या भागात, थर्मोस्टॅटच्या घराच्या आसपास, पितळी षटकोनी अंगाचा आणि डोक्यावर एकच टोक असलेला सेन्सर शोधावा. त्याच परिसरात पंख्याचा स्विचही असू शकतो. चुकून त्याची वायर बॉडीला टेकवली, तर पंखा फिरू लागेल. तसे झाले तर आपण चुकीच्या वायरवर आहोत हे समजून घ्यावे आणि फिरत्या पंख्यापासून हात लांब ठेवावा.

सेन्सरवरची वायर उपसताना वायरला धरून ओढू नये, टोकावरील लगला (धातूच्या जोडटोकाला) पकडून हलवत काढावी. जुन्या गाडीत हा लग जवळून पाहण्यासारखा असतो: टोकावर हिरवट-पांढरी पूड साचलेली असते, रबरी टोपी फाटलेली असते आणि प्लास्टिकचे आवरण थोडे मागे सारले, तर आतील तांब्याच्या तारा लालसर न दिसता काळ्या ठिक्कर पडलेल्या आढळतात. अशा तारा स्पर्शाला शाबूत वाटतात, पण प्रवाह नीट नेत नाहीत. कोकणात आणि समुद्रकाठच्या शहरांत हा दोष इतका सर्रास आढळतो, की तेथे तपासणीची सुरुवात येथूनच करायला हरकत नाही. काळी पडलेली वायर उजळ तांबे लागेपर्यंत कापावी आणि नवा लग दाबून बसवावा.

आता इग्निशन चालू करावे. सुटी वायर कशालाही न टेकवता धरल्यावर काटा ‘सी’च्या तळाशी असला पाहिजे. नंतर तीच वायर इंजिनाच्या उघड्या धातूला क्षणभर टेकवावी. काटा ‘एच’कडे जाऊ लागला पाहिजे. थेट टेकवल्याने मीटरमधून नेहमीपेक्षा जास्त प्रवाह जातो, म्हणून दोन-चार सेकंदांपेक्षा अधिक वेळ तसे ठेवू नये. त्याहून बरा मार्ग म्हणजे वायर आणि धातू यांच्यामध्ये २२ ओहमचा, २ वॅटचा रोधक धरावा. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथे असा रोधक चहाच्या पैशांत मिळतो.

काटा वर गेला, तर मीटर आणि तिथपर्यंतची वायर ठीक आहे. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर दोष वायर, मीटर किंवा पुरवठ्यात आहे.

आणखी खोलात जायचे असेल तर वेगवेगळे रोधक लावून काटा कुठे थांबतो ते पाहावे. त्या काळातील सुझुकी धाटणीच्या सेन्सरांचा रोध ५० अंशांना साधारण १३५ ते १८०, ८० अंशांना ५० आणि १०० अंशांना २६ ते २९ ओहमच्या आसपास असतो. त्यामुळे १५० ओहमला काटा खालच्या बाजूस, ५० ओहमच्या जवळपास नेहमीच्या जागी आणि २२ ओहमला ‘एच’च्या अगदी जवळ थांबला, तर मीटर विश्वासार्ह आहे असे समजावे. इतर गाड्यांचे आकडे वेगळे असतात. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील तक्ता हाच त्यासाठी प्रमाण मानावा.

चौथी पायरी: अर्थिंग

एका वायरचा सेन्सर परतीच्या प्रवाहासाठी पूर्णपणे इंजिनाच्या धातूवर अवलंबून असतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक सेन्सरच्या पितळी अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. इग्निशन बंद असताना आकडा एका ओहमच्या आत आला पाहिजे. मात्र ओहमची मोजणी लबाड असते, कारण एकच तार शिल्लक असलेली पट्टीही ओहममध्ये उत्तम दिसते. म्हणून मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये लावावा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोके पॉलिशपेपरने घासून पुन्हा घट्ट आवळावीत किंवा पट्टी बदलावी.

सेन्सर कोणी नुकताच बदललेला असेल, तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळली आहे का, हेही पाहावे. नळकामाच्या सवयीने जाड थर गुंडाळला जातो, पितळ आणि इंजिनाचा धातू यांचा संपर्क कमी होतो आणि काटा कायम खरे तापमान सोडून थोडे कमी दाखवतो. हा दोष शोधायला सर्वांत कठीण आहे, कारण बाहेरून सगळेच नवे कोरे दिसते.

पाचवी पायरी: सेन्सर पाण्यात तपासणे

इंजिन थंड असताना थोडे कुलंट (रेडिएटरमधील पाण्यात मिसळलेले द्रव) खाली काढून योग्य मापाच्या गोटी पान्याने सेन्सर सोडवावा. काढलेले कुलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. ते चवीला गोडसर असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि त्यातील ग्लायकॉल त्यांना जीवघेणे ठरते.

वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातलेल्या गाडीत सेन्सरच्या टोकावर चुन्यासारखा पांढरा थर बसलेला असतो. हा क्षारांचा थर उष्णता अडवतो आणि काटा उशिरा, तोही कमी चढतो. थर व्हिनेगरमध्ये भिजवून काढता येतो. पण सेन्सरवर तो इतका जाड असेल, तर रेडिएटरच्या नळ्यांतही असणारच, हे ध्यानात घेऊन रेडिएटरची सफाई करवून घ्यावी आणि पुढे डिस्टिल्ड पाण्यात कुलंट मिसळून वापरावे.

चाचणीसाठी जुन्या पातेल्यात पाणी घेऊन सेन्सर तारेने असा टांगावा, की त्याचे टोक पाण्यात बुडेल, वरचा विजेचा भाग कोरडा राहील आणि कोणताही भाग पातेल्याच्या तळाला टेकणार नाही. शेजारी ११० अंशांपर्यंतचा प्रयोगशाळेतील काचेचा तापमापक लटकवावा. मल्टिमीटरचे एक टोक सेन्सरच्या टोकाला आणि दुसरे पितळी अंगाला लावून, मंद आचेवर दर दहा अंशांनी रोध लिहून ठेवावा. आकडे सलग आणि सावकाश उतरत गेले पाहिजेत. मध्येच उडी, न बदलणारा आकडा किंवा अनंत रोध दिसला, तर सेन्सर गेला. पाणी उकळले म्हणजे १०० अंश झाले असे मात्र गृहीत धरू नये: पुण्यात ते सुमारे ९८ अंशांना आणि महाबळेश्वरी सुमारे ९५–९६ अंशांना उकळते.

नवा सेन्सर घेताना आटे जुळतात एवढ्यावर समाधान मानू नये. एकाच मापाचे आटे असलेले, पण वेगळ्या रोधाचे सेन्सर बाजारात सर्रास मिळतात. दुकानातच थंड अवस्थेतील रोध मोजून तो जुन्या सेन्सरच्या थंड नोंदीशी किंवा मॅन्युअलमधील तक्त्याशी ताडून पाहावा. बसवताना ॲल्युमिनियममधील आटे जातील इतके आवळू नये, आणि नंतर झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि पाणी भरत राहून हवेचे बुडबुडे बाहेर पडू द्यावेत. पाणी तापून वर येऊ लागण्यापूर्वी झाकण बसवावे.

दोन्ही काटे चुकत असतील तर

ब्रिटिश धाटणीच्या अनेक जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि तापमान या दोन्ही मीटरांना बॅटरीचा थेट पुरवठा नसतो. मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारी एक लहानशी डबी असते, जी प्रवाह सतत जोडून-तोडून सरासरी सुमारे १० व्होल्ट पुढे देते. तिचे संपर्क चिकटले, की पूर्ण १२–१४ व्होल्ट मीटरांना मिळतात आणि दोन्ही काटे जास्त दाखवतात. ती बंद पडली की दोन्ही तळाशी राहतात. डिजिटल मल्टिमीटरवर येथे आकडा नाचताना दिसतो आणि ते निरोगीपणाचे लक्षण आहे. स्थिर १२ व्होल्ट दिसले तर डबी बदलावी. तत्पूर्वी तिचे स्वतःचे अर्थिंग घासून पाहावे, कारण डबीच्या अंगाचा बॉडीशी संपर्क तुटला तरी ती नेमकी अशीच वागते.

अशी डबी नसलेल्या गाडीत डॅशबोर्डमागील मीटरचा संच काढून पाहावा लागतो. त्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. संचाच्या पाठीवर तांब्याच्या पट्ट्या छापलेला लवचीक प्लास्टिकचा पत्रा असतो. तो काही ठिकाणी उचललेला किंवा काळवंडलेला दिसतो आणि मीटरच्या मागचे छोटे नट सैल झालेले असतात. नट हलक्या हाताने आवळून आणि कपलरची टोके साफ करूनच पुष्कळ ‘खराब’ मीटर पुन्हा चालू होतात. मीटरच्या दोन टोकांमधील रोध अनंत दाखवत असेल, तरच आतील तार तुटली असे समजावे आणि त्याच मॉडेलचा जुना संच शोधावा.

नळीचा यांत्रिक मीटर

अनेक जुन्या ट्रॅक्टरांत आणि जुन्या विलीज जीपमध्ये विजेचा काहीही संबंध नसलेला मीटर असतो. इंजिनातील धातूच्या टोकापासून डॅशबोर्डपर्यंत एक केसासारखी बारीक, बंद नळी जाते; तिच्यातील द्रव तापला की दाब वाढतो आणि काटा सरकतो. टोक गरम पाण्यात बुडवून काटा हलतो का, एवढीच त्याची चाचणी. नळी कुठे चिरली किंवा घडी पडून मोडली, तर आतील द्रव उडून जातो आणि तो मीटर घरी दुरुस्त होत नाही. टोकासह संपूर्ण बदलावा लागतो. नवा बसवताना जास्तीची नळी कापण्याचा मोह टाळून तिचे मोठ्या घेराचे वेटोळे करून ठेवावे.

मूळ मीटर कुठेच मिळत नसेल, तर बाहेरचा विजेचा किंवा यांत्रिक मीटर डॅशबोर्डखाली बसवता येतो. बाहेरच्या विजेच्या मीटरला गाडीचा जुना सेन्सर जोडू नये, कारण मीटर आणि सेन्सर ही जोडी एकमेकांच्या रोधाशी जुळवलेली असते. मीटरसोबत आलेला सेन्सरच टी-जोडाने थर्मोस्टॅटजवळ बसवावा आणि जुन्या सेन्सरच्या सुट्या वायरचे टोक चिकटपट्टीने बंद करून बांधून ठेवावे.